विचारा तर खरं: मस्टँग, कॉमोडोर आणि शेडमधली कॉन्टेसा

गेल्या अंकात एका उत्तराच्या शेवटी मी सहज लिहून गेलो होतो, की जिला मागची चाकं ढकलत नाहीत तिला मी परफॉर्मन्स सेडान, म्हणजे जोरात पळणारी चार दाराची गाडी, म्हणत नाही. एक ओळ होती फक्त. तेवढ्यावरून महिनाभर फोन वाजतोय, दोघं तर थेट वर्कशॉपवर आले, त्यातल्या एकाने येताना कचोरी आणली म्हणून त्याचं जरा जास्त ऐकून घेतलं. तर यावेळी सगळा कॉलम याच भांडणाला, मायलेज आणि क्लच प्लेटवाल्यांनी एक महिना दम धरा.

काका, रूममेट मस्टँगवाला आणि मी बीएमडब्ल्यू एम-फाइव्हवाला. रोज रात्री इंदूरच्या छप्पन दुकानांवर भांडण. तो म्हणतो आठ सिलिंडर आणि जळके टायर हेच खरं, मी म्हणतो वळणावर दाखव. कोण बरोबर? आणि हे जपानवाले छोट्या इंजिनात खूश कसे राहतात?
*इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, विजय नगर*

अरे, तुम्ही दोघं दोन वेगळ्या रस्त्यांवरून भांडताय, गाड्यांवरून नाही.

अमेरिकेचं बघ. १९६४ साली जनरल मोटर्सच्या पॉन्टिअॅकवाल्यांनी, त्यात जॉन डीलोरियन हा इंजिनिअर पुढे होता, मधल्या साइजच्या टेम्पेस्टमध्ये मोठ्या गाडीचं ३८९ क्युबिक इंचाचं म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं इंजिन बसवलं आणि त्याला जीटीओ नाव दिलं. गंमत अशी की जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता, मधल्या साइजच्या गाडीत ३३० क्युबिक इंचाच्या वर इंजिन घालायचं नाही, मग यांनी काय केलं तर जीटीओला नवीन मॉडेल म्हटलंच नाही, 'ऑप्शन पॅकेज' म्हटलं, नियम मॉडेलला होता ऑप्शनला नव्हता. आपल्याकडच्या कुठल्याही आरटीओ एजंटला ऐकव, हात जोडेल. त्याच वर्षी १७ एप्रिलला मस्टँग आली, आणि खरे शौकीन तिला मसल कार, म्हणजे मधल्या अंगात दांडगं इंजिन, म्हणतच नाहीत, ती पोनी कार, लहान अंगाची. हे रूममेटला सांग, आठवडाभर गप्प बसेल.

त्या गाड्यांची परीक्षा कुठे व्हायची तर सिग्नल ते सिग्नल, नाहीतर पाव मैलाच्या सरळ पट्टीवर, म्हणजे ४०२ मीटर. पेट्रोल स्वस्त, रस्ते नाकासमोर. वळणाचं कुणाला पडलं होतं? म्हणून मागे साधा सरळ अॅक्सल, दणकट, स्वस्त, आणि तो एक-दोन स्पेशल मॉडेलं सोडली तर मस्टँगमध्ये २०१४ पर्यंत टिकला, दोन्ही मागची चाकं वेगवेगळी हलणारं सस्पेन्शन सरसकट यायला २०१५ चं मॉडेल उजाडलं. तू जे 'वळणावर दाखव' म्हणतोस ना, त्याचं पन्नास वर्षांचं उत्तर हे आहे.

आता जर्मनीत ऑटोबानवर बऱ्याच पट्ट्यांत आजही वेगमर्यादा नाही, तिथे माणूस सूटबूट घालून तासभर २०० च्या वेगाने ऑफिसला जातो आणि तिथे ब्रेक तापून चालत नाही, इंजिन तापून चालत नाही, आणि शेजाऱ्याला आपली मिजासही दिसता कामा नये. १९८५ चा पहिला एम-फाइव्ह म्हणजे शांत चेहऱ्याच्या चार दाराच्या गाडीत ३.५ लिटरचं सहा सिलिंडर, २८६ हॉर्सपॉवर, इंजिनाचा वंश थेट एम-वन या स्पोर्ट्स कारचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, बँकेचा मॅनेजर चाललाय. मर्सिडीजने तर ५००-ई बनवताना अर्ध्या कामासाठी पोर्शला हाताशी धरलं होतं. या गाड्या घासूनपुसून तयार होतात न्यूर्बुर्गरिंग या ट्रॅकच्या वीस किलोमीटरच्या वळणांवर, पाव मैलावर नाही.

आणि जपान. तिथे १९८९ पर्यंत गाडी १.७ मीटरपेक्षा रुंद झाली किंवा इंजिन २००० सीसीच्या वर गेलं की वर्षाचा कर एकदम दुपटीवर. म्हणून अरुंद गाडी, लहान इंजिन आणि त्याला टर्बो, म्हणजे आत जास्त हवा कोंबणारा पंखा. पुढे कंपन्यांनी आपसात तोंडी ठरवून टाकलं की २८० हॉर्सपॉवरच्या वर कागदावर लिहायचं नाही, २००४ पर्यंत ते पाळलं, म्हणजे लिहिण्यापुरतं पाळलं. टोयोटा चेसर घे, नव्वदच्या दशकातली, अडीच लिटर टर्बो, मागची चाकं, दिसायला अगदी शाळेच्या हेडमास्तरची गाडी, आणि कागदावर? २८०. सगळ्यांचीच २८०.

इटलीचा किस्सा तर ऐकच. तिथे दोन लिटरच्या वर भरमसाठ कर लागायचा, म्हणून बीएमडब्ल्यूने एम-थ्रीचंच इंजिन दोन लिटरात बसवून ३२०-आयएस नावाची गाडी इटली आणि पोर्तुगालसाठी काढली. फेरारीनेसुद्धा दोन लिटरची २०८ काढली होती, हसू नकोस, कारण आपणही चार मीटरच्या आत कर कमी या नियमासाठी चांगल्या सेडानची डिकी कापून ठेवली आणि तिला कॉम्पॅक्ट सेडान म्हणून वरातीत नाचलो.

कोण बरोबर ते विचारलंस म्हणून सांगतो. सुपर कॉरिडॉरवर सरळ पट्टीत रूममेट (पण तिथे करू नका रे, रात्री दूधवाले असतात), सिमरोलच्या घाटात तू. पण तुझ्या बाजूलाही एक कुसळ आहे. २०१७ पासूनचा एम-फाइव्ह चारही चाकांवर चालतो, ६०० हॉर्सपॉवर दोन टायरांना झेपेना म्हणून, एक बटण मात्र ठेवलंय ज्याने पुढची चाकं बंद होतात. म्हणजे माझ्या गेल्या महिन्याच्या ओळीप्रमाणे ती गाडी बटण दाबलं की परफॉर्मन्स सेडान, सोडलं की नाही! ती ओळ लिहिताना मी एवढा विचार केला नव्हता, कबूल.

आणि रूममेटला जाता जाता हेही सांग, की त्याच्या लाडक्या अमेरिकेने २०१५ ला ७०७ हॉर्सपॉवरची चार दाराची डॉज चार्जर हेलकॅट काढली, फक्त मागची चाकं, पण त्या चार्जरचं मागचं सस्पेन्शन मुळात मर्सिडीज ई-क्लासच्या घरातलं, कारण ते घडवलं तेव्हा डॉज आणि मर्सिडीज एका मालकाच्या होत्या. ती जुनी चार्जर आणि चॅलेंजर २०२३ च्या डिसेंबरला बंद झाल्या.

मी ७४ वर्षांचा, रिटायर्ड. शेडमध्ये कॉन्टेसा क्लासिक १.८ उभी आहे, सहा वर्षं चालवली नाही. मुलगा म्हणतो ही कसली मसल कार, बाबा, ८८ हॉर्सपॉवरची. भंगारात द्या म्हणतो. तुम्ही काय म्हणता?
*सुदामा नगर*

काका, आधी मुलाला एक आकडा द्या. १९७४ ची मस्टँग-टू, साक्षात मस्टँग, त्या वर्षी तिच्यात आठ सिलिंडरचं व्ही-एट मिळतच नव्हतं आणि साधं इंजिन होतं २.३ लिटरचं चार सिलिंडर, ताकद ९० हॉर्सपॉवरच्या आत. झालं का? १९७३ चं तेलसंकट, विम्याचे हप्ते आणि धुराचे नियम असे एकामागोमाग आले आणि अमेरिकेतल्या मोठ्या इंजिनांची हवा निघाली. त्यात १९७२ पासून मोजायची पद्धतही बदलली, आधी इंजिन नुसतं स्टँडवर ठेवून, ना एअर फिल्टर ना सायलेन्सर, अशी मोजायचे, मग गाडीत बसवल्यासारखं सगळं लावून मोजायला लागले, तर कागदावरची ताकद एका रात्रीत उतरली. तेव्हा साठच्या दशकातले ते आकडे वाचताना थोडं मीठ चाखूनच वाचायचे.

आता तुमच्या गाडीचं घराणं. कॉन्टेसा म्हणजे सत्तरच्या दशकातली इंग्लंडची व्हॉक्सहॉल व्हिक्टर, तिचे साचे आणि यंत्रं हिंदुस्तान मोटर्सने आणली आणि १९८४ पासून गाडी आपल्याकडे आली. सुरुवातीला आत इंजिन होतं अॅम्बेसिडरचं दीड लिटर, म्हणजे पैलवानाच्या अंगात म्हाताऱ्याचं काळीज, घाटात ट्रकवाला ओव्हरटेक करून जायचा. जीव आला तो इसुझूच्या १.८ पेट्रोल इंजिनाने, आणि ते इसुझू इंजिन हिंदुस्तान मोटर्स बनवायची कुठे, तर आपल्या पीथमपूरला. इंदूरपासून तासाभराच्या आत. तुमच्या शेडमधल्या गाडीचं काळीज इथलं आहे, आणि मुलगा भंगार म्हणतोय!

लांब बोनेट, चार गोल दिवे, रुंद खांदे, इंजिन पुढे, ढकलणं मागून. दिसण्यात मसल कार, पळण्यात नाही. पण माझ्या मते आपल्याकडे बनलेल्या गाड्यांत मागच्या चाकांची मजा सर्वसामान्य माणसाला दाखवणारी हीच एक, प्रीमिअरची ११८ एनई होती पण ती हलकीफुलकी, आणि स्टँडर्ड २००० दिसायला रोव्हर पण इंजिन जुनाट, लोकांनी एकदा चालवून सोडली.

भंगारात देण्याआधी एक करा, कुणा मिस्त्रीला बोलवा आणि स्वतः बाजूला उभं राहून बघा. पुढच्या चाकांना विटा लावायच्या, मागची बाजू जॅकवर उचलून खाली घोड्या लावायच्या, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मग गाडीखाली जाऊन तो लांब प्रोपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी धरून इकडे-तिकडे पिळायचा. टक टक असा कोरडा आवाज आला तर शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस गेले, ते काही मोठं दुखणं नाही, दुकानात आजही मिळतात. मग डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या अॅक्सलवरच्या गिअरच्या गोळ्याच्या, तोंडाशी, जिथे शाफ्ट आत जातो, तिथे बोट फिरवायचं. तेल ओलं लागलं तर पिनियनचं सील गेलंय, सहा वर्षं उभ्या गाडीचं जाणारच. खरी भीती त्या गोळ्यातल्या क्राऊन-पिनियन गिअरची, ती उभ्या गाडीत कळत नाही, चालवताना साठच्या आसपास अॅक्सिलेटर सोडला की मागून मच्छरासारखी 'कूंऽऽ' येते ती. ती नसेल तर काका, गाडी वाचली. ब्रेकची सगळी रबरं मात्र डोळे मिटून बदला, आणि टायरला कितीही खोबणी दिसत असली तरी सहा वर्षांचा टायर म्हणजे दगड.

मी हे का एवढं सांगतो, तर माझ्या मामाची होती, पांढरी. १९९४ च्या जुलैत महूच्या रस्त्यावर मी ती गोल फिरवली. वळणावर ट्रकचं डिझेल सांडलेलं, वर पहिला पाऊस, मागचे टायर अगदी गुळगुळीत, हे मला माहीत होतं आणि तरी मामाला न विचारता घेऊन गेलेलो. वळणात घाबरून अॅक्सिलेटर एकदम सोडला, मागची बाजू शांतपणे, अगदी पाहुण्याला वाट द्यावी तशी, माझ्या शेजारून पुढे निघून गेली. तोंड परत महूकडे. समोरून येणारा बसवाला थांबला, उतरला, माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "भिया, जाना किधर था?"

भाऊ, आमचे हे जुनी मागच्या चाकाची जर्मन सेडान घ्यायची म्हणतात. आणि त्याला कारण तुम्हीच, तुमचा कॉलम कापून फ्रीजवर लावलाय. मला रोज मुलीला शाळेत सोडायचं असतं. पावसात मागून घसरते म्हणतात, खरं का?
*एक वाचक, पलासिया*

ताई, आधी फ्रीजवरचं कात्रण काढा.

वरचा बसवाल्याचा किस्सा वाचलात ना, त्यात गाडीची चूक नव्हती, टायरची आणि माझ्या उजव्या पायाची होती. मागून ढकलणाऱ्या गाडीत पुढच्या चाकांना एकच काम, वळणं, म्हणून स्टीअरिंग हातात स्वच्छ वाटतं. अॅक्सिलेटर दिला की गाडीचं वजन मागे सरकतं, मागचे टायर आणखी दाबले जातात, म्हणून जोराची गाडी मागून ढकललेली चांगली. पण ओल्या वळणात जास्त दिला किंवा घाबरून एकदम सोडला की मागची बाजू बाहेर जाते. पुढून ओढणारी गाडी अशा वेळी सरळ जाते, वळत नाही, आणि आपण सगळे घाबरलो की पाय उचलतो, त्यात ती परत वळते, म्हणून नवशिक्याला ती जास्त माफ करते.

आता जर्मन सेडानमध्ये वीसेक वर्षं झाली स्टॅबिलिटी कंट्रोल असतं, ते एकेका चाकाला स्वतः ब्रेक लावून गाडी सरळ ठेवतं. जुनी गाडी घेताना डॅशबोर्डवर त्याचा दिवा गाडी सुरू केल्यावर लागून विझतो का ते बघा, लागतच नसेल तर कुणीतरी बल्ब काढून दोष लपवलाय. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच वेळचे. हे असेल तर मुलीला शाळेत सोडायला काही हरकत नाही, त्याहून जास्त घसरण शाळेच्या गेटसमोर उभ्या रिक्षांमुळे होते.

पैशाचं मात्र तुमच्या ह्यांना नीट विचारा. घेताना स्वस्त वाटते, पहिली सर्व्हिस आली की कळतं गाडी नवी असताना कितीची होती.

मी मेलबर्नला असतो, सुट्टीत घरी लोकमान्य नगरला आलोय. इथे कुणाला होल्डन माहीत नाही. तुम्ही तरी लिहा. आणि ती बंद का पडली, इतकी चांगली गाडी?

लिहितो, कारण मला विचाराल तर या सगळ्या भांडणाचं सगळ्यात शहाणं उत्तर ऑस्ट्रेलियानेच काढलं होतं आणि त्याचाच धंदा बुडाला.

त्यांचं गणित सोपं. अंतरं अफाट, घरात मुलं, मागे बोट किंवा ट्रेलर ओढायचा, रस्ता खडबडीत, आणि इंजिनाच्या आकारावर जपान-इटलीसारखा जाच नाही. मग कुटुंबाची मोठी सेडान, मागून ढकलणारी, हवी तर त्यात व्ही-एट. होल्डनची कॉमोडोर १९७८ पासून, फोर्डची फाल्कन त्याहूनही आधीपासून. दोघींचं वर्षाचं भांडण बाथर्स्टच्या डोंगरावर, ६.२ किलोमीटरचा चढ-उताराचा ट्रॅक आणि हजार किलोमीटरची रेस. तिथे घरं वाटली जायची म्हणतात, अर्धं घर होल्डनचं अर्धं फोर्डचं, आपल्याकडे सासू-सुनेची टीव्हीची मालिका असते तसं. १९७१ च्या फाल्कन जीटी-एचओ फेज थ्रीची तर अशी दहशत की पुढच्या वर्षी पेपरात ओरड झाली, १६० मैलांच्या वेगाच्या गाड्या पोरांच्या हातात देताय म्हणून, आणि पुढची फेज फोर कंपनीने गुंडाळूनच टाकली.

फाल्कनच्या चार लिटर सहा सिलिंडर टर्बो इंजिनाचं, 'बारा' हे त्याचं नाव, आकडा नव्हे, मला फार कौतुक. आठच सिलिंडर हवेत हा हट्ट त्या इंजिनाने मोडला.

आता कॉन्टेसावाल्या काकांनी हे वाचावं. पहिली कॉमोडोर जर्मनीच्या ओपल कंपनीच्या 'रेकॉर्ड' नावाच्या गाडीवरून बनली. आणि काकांच्या कॉन्टेसाची मूळ व्हिक्टर जिच्याशी खालची प्लॅटफॉर्म वाटून घ्यायची ती त्या ओपलचीच आधीची पिढी, ओपल, व्हॉक्सहॉल, होल्डन तिघी जनरल मोटर्सच्या लेकी. म्हणजे बाथर्स्टची रेस जिंकणारी कॉमोडोर ही सुदामा नगरच्या शेडमधल्या गाडीची चुलत बहीण लागते. लांबची, पण लग्नात आहेर करावा लागेल इतकी जवळची.

त्यांनी अमेरिकेलाच मसल कार विकून दाखवली, हे विशेष. २००४ ची पॉन्टिअॅक जीटीओ म्हणजे होल्डन मोनारो, फक्त स्टीअरिंग डावीकडे. मग पॉन्टिअॅक जी-एट, मग शेवरोले एसएस, सगळ्या ऑस्ट्रेलियातून बोटीने. अमेरिकन गिऱ्हाइकाने बघितल्या, वाहवा केली आणि पिकअप घेऊन घरी गेला.

बंद का पडली? देशात तेव्हा वर्षाला साऱ्या मिळून विकल्या जायच्या अकराएक लाख गाड्या, आणि त्या वाटून घ्यायला कंपन्या डझनांनी. आयातीवरचा कर हळूहळू उतरत गेला. त्यात २०११ च्या सुमारास ऑस्ट्रेलियन डॉलर अमेरिकन डॉलरच्या वर गेला, मग बाहेर विकायला महाग आणि बाहेरून आणायला स्वस्त, दोन्हीकडून मार. आणि गिऱ्हाईक एसयूव्हीकडे. फाल्कन ७ ऑक्टोबर २०१६ ला संपली, होल्डनचा अॅडलेडजवळच्या एलिझाबेथ गावचा कारखाना २० ऑक्टोबर २०१७ ला. त्यानंतर कॉमोडोर नावाने जी विकली ती ओपलची इन्सिग्निया होती, इंजिन आडवं, पुढून ओढणारी किंवा चारही चाकांची, व्ही-एट नाहीच. नाव तेच ठेवून सून बदलली, घरात कोण खपवून घेणार. २०२० ला होल्डन हे नावच मिटवलं.

तुम्ही तिथेच आहात, तर जुनी व्हीएफ, म्हणजे तिथे बनलेली शेवटची, कॉमोडोर कुणाची नीट ठेवलेली दिसली तर एकदा मागून चालत जाऊन सायलेन्सरचा आवाज ऐका आणि मला रेकॉर्ड करून पाठवा.

मस्टँग इथे आणून चालवायची तर किती पडेल?
*एक व्यापारी, सियागंज*

शेठ, फोर्डनेच आणली होती २०१६ ला, पाच लिटर व्ही-एट, पहिल्यांदाच कारखान्यातून उजव्या स्टीअरिंगची. एक्स-शोरूम ६५ लाख. तेव्हा अमेरिकेत मस्टँग जीटी ३२-३३ हजार डॉलरपासून सुरू व्हायची, त्यावेळच्या भावाने बावीस लाखांच्या आसपास. मान्य, इथली भरलेली होती, ऑटोमॅटिक वगैरे, तरी तिप्पट म्हणजे तिप्पट. बाहेरून तयार येणाऱ्या महागड्या गाडीवर तेव्हा ड्युटीच जवळपास गाडीच्या किमतीएवढी, मग त्यावर बाकीचे कर, मग आपला रोड टॅक्स. अमेरिकेत ती शाळामास्तरची पोरं हप्त्यावर घेतात. आपल्याकडे ज्याला परवडते त्याला राजवाड्याला पार्किंग मिळत नाही.

स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस पुढून ओढते म्हणून ती परफॉर्मन्स सेडान नाही? असं लिहिताना लाज नाही वाटली?
*आरएस-मालक, महालक्ष्मी नगर*

वाटली, उशिरा. २०२५ ला परत आली ती २६५ हॉर्सपॉवरची आहे, पुढचीच चाकं, आणि मागे चार माणसांचं सामान गिळते. मला जमत नाही तो तिचा एकच गुण, पूर्ण अॅक्सिलेटर दिला की स्टीअरिंग हातात जरा खेचल्यासारखं होतं, तेही आता पूर्वीइतकं नाही. बीएमडब्ल्यू एम-३४०आय घ्या, चेन्नईत जुळणी होते, चारही चाकं, शंभराला साडेचार सेकंदाच्या आत, तिला परफॉर्मन्स सेडान नाही म्हणायची हिंमत माझ्यात नाही. ओळ मागे घेतो. आवड मागे घेत नाही.

पीथमपूरच्या नॅट्रॅक्सच्या ट्रॅकवर आपल्याला गाडी पळवता येईल का?
*तीन-चार जणांचा एकच प्रश्न*

ती कंपन्यांच्या टेस्टिंगची जागा आहे, आपण पास काढून जायचं ते नाही. ११.३ किलोमीटरचा गोल, चार लेन, २०२१ ला सुरू झाला, आणि त्याची वळणं अशी बाहेरून उचललेली आहेत की २५० च्या वेगाने जातानाही स्टीअरिंग ओढावं लागत नाही. आपण भिंतीबाहेर चहा पिऊ शकतो.

इंदूरच्या महाराजांकडे म्हणे भारी अमेरिकन गाडी होती?
*शाळकरी मुलगी, रामबाग*

होती बाळा, आणि वर जेवढ्या लिहिल्या त्या सगळ्यांची पणजी शोभेल अशी. यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३६ च्या सुमारास ड्यूझेनबर्ग एसजे घेतली. ६.९ लिटर, आठ सिलिंडर एका ओळीत, वर सुपरचार्जर, कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ३२० हॉर्सपॉवर. इंजिन-चेसिस अमेरिकेचं आणि अंगरखा लंडनच्या गर्नी नटिंगने शिवलेला, भगवा आणि काळा रंग, बोनेट इतकं लांब की बसायला जागा अगदी मागे, मागच्या चाकांजवळ. दोघांचीच. मागच्या चाकांवर चालायची हे वेगळं सांगायला नको, तेव्हा बहुतेक सगळ्याच चालायच्या. माणिकबाग पॅलेस बांधून त्यात त्या काळचं युरोपी फर्निचर आणणारा माणूस होता तो, गाडी साधी घेणारच नव्हता. ती गाडी आता देशात नाही.

महिंद्राची बीई-६ मागच्या चाकांवर चालते. तिला मसल म्हणायचं का?
*राजेंद्र नगर*

हे मला आवडलेलं पत्र. मोटर थेट मागच्या अॅक्सलवर, मोठ्या बॅटरीत २८६ हॉर्सपॉवर, म्हणजे पहिल्या एम-फाइव्हएवढे! कारण साधं आहे, इलेक्ट्रिकमध्ये मधला लांब शाफ्ट नाही, बोगदा नाही, मोटर हवी तिथे बसते, मग पुढे बसवून स्टीअरिंगवर भार का टाकायचा? पुढून ओढणाऱ्या गाड्यांचं राज्य जागेच्या आणि खर्चाच्या गणितावर आलं होतं, १९५९ ची मिनी आणि आपल्याकडे १९८३ ची मारुती ८००, ते गणितच बॅटरीने उलटं केलं. सेडान नाही, आवाज नाही, आणि जो आवाज स्पीकरमधून येतो तो मला लग्नाच्या बँडमधल्या कॅसिओसारखा वाटतो. पण मागून ढकलणं खरं आहे, चालवून बघा.

काका, माझी ईको पण मागच्या चाकांवर चालते. मित्रांना सांगू का?
*डिलिव्हरीवाला, छावनी*

बिनधास्त सांग. ओम्नी, ईको, इंजिन पुढच्या सीटखाली, ढकलणार मागची चाकं, बीएमडब्ल्यूवाल्यासमोर छाती काढून उभा राहा. फक्त एक. माल पोचवून परत येताना गाडी मागून रिकामी असते, मागच्या टायरांवर वजनच नसतं, आणि तेव्हाच पोरं घाईत असतात. जुलै येतोय. मागचे दोन टायर गुळगुळीत झाले असतील तर आत्ता बदल, पैसे नंतर देतो म्हणालास तरी चालेल, वर्कशॉपवर ये.